नौदलातील स्त्री अधिकारी आणि कायदा

१९५७ च्या नौदल कायद्याच्या कलम ९(२) प्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय स्त्रियांना नौदलात प्रवेश नव्हता. १९९१ च्या अधिसूचनेने रसद, विधी व शिक्षण या शाखा खुल्या झाल्या. पण नेमणूक अल्प मुदतीची, वाढवून वाढवून १४ वर्षांची. पेन्शनला मात्र २० वर्षे सेवा हवी. चाळिशीच्या आतच नोकरी संपे आणि पदरी पेन्शन नसे. दार उघडले म्हणजे समता आली असे नाही, ते हेच!

अधिकारी भगिनी न्यायालयात गेल्या. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम कमिशनसाठी त्यांचा पुरुषांप्रमाणेच विचार करण्याचा आदेश दिला. प. पू. बाबासाहेबांचा ‘शिका’ हा संदेश इथेही लागू आहे. मुलींनो, अर्ज करण्यापूर्वी सेवाशर्ती वाचा!