तेल मुरलेली कचराडेपोची माती : काय करावे, काय टाळावे

काय करावे

- खोदाईआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.
- डेपोवरच्या जुन्या कामगारांना विचारा. ड्रम कुठे ओतले जात, हे त्यांना ठाऊक असते.
- डबक्यावरचा तवंग काडीने हलवून पाहा. तुकडे पडले तर बहुधा लोहजिवाणूंचा, पुन्हा जुळून आला तर तेलाचा.
- खड्ड्याजवळ जाण्याआधी वायुमापक लावा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला तर ठिणगीने स्फोट होतो.
- मातीचे नमुने काचेच्या बरणीत काठोकाठ भरा आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवा.
- उताराकडच्या विहिरी व बोअर तपासून घ्या. अहवाल येईपर्यंत ते पाणी पिऊ देऊ नका.
- नायट्राइल हातमोजे, गमबूट आणि वाफ शोषणारा फिल्टर-मास्क घाला.
- उपसलेली माती जाड प्लास्टिकच्या अस्तरावर टाका, भोवती बांध घाला, वर ताडपत्री ओढा.
- डिझेलच्या मातीचा थर फूटभरच ठेवा आणि दर आठवड्याला उलटा. तेल खाणाऱ्या जिवाणूंना हवा लागते.
- कार्बन, नत्र, स्फुरद यांचे प्रमाण १००:१०:१ च्या आसपास राखा; युरिया, डीएपी मोजूनच घाला.
- ओल मुठीत तपासा. दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये.
- डांबरी गाळ तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवा आणि पोचपावती जपा.
- खोदाई मृगाआधी उरका.

काय टाळावे

- माती पेटवू नका. धूर वस्तीत जातो, जड तेल जागेवरच राहते.
- साबणाने धुऊ नका. सुटलेले तेल भूजलाकडे उतरते.
- चांगली माती मिसळू नका. तेल तेवढेच राहते, खराब माती मात्र वाढते.
- ही माती भरावासाठी कोणालाही देऊ नका, फुकटसुद्धा नाही.
- दीड मीटरहून खोल खड्ड्यात आधाराशिवाय माणूस उतरवू नका. कचऱ्याची भिंत क्षणात ढासळते.
- विडी, वेल्डिंग, उघडा दिवा आवारात येऊ देऊ नका.
- कापडी मास्कवर विसंबू नका. त्याने बेंझिनची वाफ अडत नाही.
- फुगलेल्या ड्रमला जेसीबीचा दात लावू नका.
- जास्त खताने काम लवकर होईल असे समजू नका. खारटपणाने जिवाणू मरतात.
- तेलगाळ ९० दिवसांहून जास्त साठवू नका. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत एरवी तेवढीच मुभा आहे.
- कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.
- वास गेला म्हणून माती शुद्ध मानू नका. हलका अंश उडतो, जड मागे उरतो.
- अंतिम अहवालाआधी तिथे भाजी लावू नका, गुरे चारू नका, मुलांना खेळू देऊ नका.

अंतिम अहवाल डेपोच्या फाटकावर लावा. तो वाचण्याचा पहिला हक्क शेजारी राहणाऱ्यांचा आहे.