बाळ काचेत, आई अंधारात

बोईसर ते पालघर लोकलने दोन स्टेशनं, मध्ये फक्त उमरोळी. बायको इकडे सिझर होऊन पडलेली आणि आठव्या महिन्यातच झालेली मुलगी तिकडे ‘काचेत’. वजन 1 किलो 420 ग्रॅम.

बायकोला त्रास नको म्हणून मी फोनवर सगळं गोड सांगायचो. तिसऱ्या रात्री बाळाचा श्वास मध्येच थांबला होता, तेही लपवलं. पाचव्या दिवशी ती स्वतः आली, नळ्या पाहिल्या आणि सिस्टरला म्हणाली, “हे माझंच ना?” त्यानंतर माझ्या एकाही शब्दावर तिचा विश्वास बसेना. दूध काढायला बसली की वाटीचा तळही भिजायचा नाही. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांचा श्वास असा अडखळतो, यंत्र त्यासाठीच लावतात, एवढं मी डॉक्टरांना विचारून तिला सांगायला हवं होतं.

त्या यंत्राची भीती मात्र मलाच जास्त. एकदा टूं टूं सुरू झालं, ऑक्सिजनचा आकडा 95 वरून 70 वर आला आणि माझे पाय गळाले. सिस्टरने आधी बाळाचा रंग पाहिला, मग तळपायावरची सैल पट्टी नीट गुंडाळली. आकडा परत 95. “दादा, आधी बाळाकडे बघायचं,” ती म्हणाली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना रोज श्वास, दूध आणि वजन विचारा, वहीत लिहा, ती वही बाळाच्या आईच्या हातात द्या. नातेवाइकांचे फोन एकाच माणसावर सोपवा. रजा मागायला लाजू नका. अपुऱ्या झोपेत सेकंड शिफ्टला मी भलताच व्हॉल्व्ह उघडणार होतो, आणि तारापूरच्या केमिकल कंपनीत त्याचा अर्थ सांगायला नको. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार, औषधं, तपासण्या, गाडी सगळं मोफत आहे, 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात. मी उगाच कर्जाच्या चौकशीत दोन रात्री घालवल्या. रडू आवरत नसेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 फिरवा. बापांनीसुद्धा.

आठव्या दिवशी सिस्टरने मला शर्टाची बटणं सोडायला लावली आणि मुलीला उघड्या छातीवर ठेवलं. चिमणीएवढा जीव, पण ऊब कळत होती. बायको शेजारी स्टुलावर.

“अहो, खरं सांगा, आज वजन किती?”

“1 किलो 390. तीस ग्रॅम कमी.”

तिने वही मागून घेतली आणि स्वतः लिहिलं.