कार्बनचा पातळ लेप आणि यंत्रांची झीज

तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. चेन्नई-बंगळूर महामार्गावरील या गावाच्या परिसरात १९९८ पासून मोटारगाड्या तयार होऊ लागल्या आणि हळूहळू सुट्या भागांचे कारखानेही उभे राहिले. मोटारीत जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा केवळ घर्षणावर मात करण्यात खर्ची पडते, असा हिशेब फिनलंड व अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ साली मांडला.

घर्षण कमी करण्यासाठी वंगण वापरतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु दट्ट्या आपल्या फेरीच्या टोकाशी क्षणभर थांबतो, तेव्हा तेलाचा थर विरळ होतो आणि धातू धातूला भिडतो. झीज होते ती मुख्यतः अशा क्षणी. म्हणून पृष्ठभागावरच कठीण व गुळगुळीत लेप चढविण्याची कल्पना पुढे आली.

कार्बनची दोन रूपे परिचित आहेत. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी जखडलेला असतो, म्हणून तो कठीण. ग्राफाइटमध्ये तो तिघांशीच बांधलेला असून अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. १९७१ साली आयझेनबर्ग व शाबो यांनी आयनांच्या झोताने जो लेप तयार केला, त्याला ‘हिऱ्यासारखा कार्बन’ असे नाव मिळाले. अशा लेपात दोन्ही प्रकारचे बंध असतात, मात्र स्फटिकाची शिस्त नसते. आज यंत्रभागांवर हा लेप सामान्यतः एक ते तीन मायक्रॉन जाडीचा देतात. माणसाचा केस याच्या कित्येक पट जाड असतो. निर्वात पात्रात ॲसिटिलीनसारखा वायू सोडून विद्युत्‌शक्तीने त्याचे रेणू फोडले, की कार्बन पोलादावर बसतो. पोलादाला तो सहज धरून राहत नाही. म्हणून खाली क्रोमियमसारख्या धातूचा अस्तर-थर द्यावा लागतो. अस्तर कच्चे असेल तर उत्तम लेपही पापुद्र्यासारखा सुटतो.

खरी मौज पुढेच आहे. अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात हायड्रोजनयुक्त लेपाचा घर्षणांक कोरड्या नायट्रोजनमध्ये सुमारे ०.००१ इतका खाली आला. म्हणजे शंभर किलोग्रॅमचे ओझे सरकविण्यास शंभर ग्रॅम वजनाइतका जोर पुरावा! कोरड्या पोलादावर पोलाद घासताना हाच जोर पन्नास किलोग्रॅमहून अधिक लागतो. पण दमट हवेत त्याच लेपाचे घर्षण अनेक पटींनी वाढते. त्याच्या पृष्ठभागावरील अणूंचे मोकळे बंध हायड्रोजनने आधीच झाकलेले असतात. त्यावर पाण्याचे रेणू येऊन बसले, की ते अडथळाच ठरतात. हायड्रोजनविरहित लेपाची गोष्ट नेमकी उलट. त्याचे मोकळे बंध निर्वातात समोरच्या पृष्ठभागाला चिकटू पाहतात, आणि पाण्याची वाफ ते झाकून घर्षण उतरविते.

समुद्राकाठच्या चेन्नईत म्हणूनच ‘सर्वोत्तम लेप कोणता’ हा प्रश्न अपुरा ठरतो. उघड्या हवेत फिरणाऱ्या भागाला दमटपणा सोसणारा लेप हवा. तेलात बुडालेल्या भागाचा लेप त्या तेलातील रसायनांशी जुळला पाहिजे. आणि तीन-चारशे अंश सेल्सिअसच्या पुढे हायड्रोजनयुक्त लेप हळूहळू ग्राफाइटकडे वळतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. चेन्नईच्या दक्षिणेस कल्पक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातही अशा कार्बन-लेपांच्या घर्षणाचा अभ्यास झाला आहे. अशा चाचणीत लेप दिलेल्या चकतीवर एक लहानसा गोळा ठराविक भाराने हजारो फेऱ्या घासतात, आणि मग उमटलेल्या चरीची खोली मोजतात.