लेकीचं भाषण, आपली ग्रामसभा



दिवाळीची सुट्टी संपली की गावोगावच्या शाळांमध्ये गॅदरिंगची गडबड सुरू होते. कुठे लेझीम बसवतात, कुठे भारूड, सांगोला-माळशिरसकडे धनगरी गजनृत्य. नाचगाण्यासाठी मुली पटापट हात वर करतात. पण बाईंनी विचारलं, "भाषण कोण करणार? सूत्रसंचालन कोण करणार?" की निम्म्या वर्गाच्या माना खाली जातात. या महिन्याचा पाठ त्या खाली गेलेल्या मानांबद्दल आहे. लेकीला स्टेजवर जे जमवायचंय, तेच आपल्याला ग्रामसभेत जमवायचंय, म्हणून हा पाठ मायलेकी दोघींचा आहे.

ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी एका ताईने हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. मधे मधे थांबून बोलावं.

१. भीती नेमकी कशाची?

चार लोकांसमोर उभं राहिलं की छातीत धडधडतं, तोंडाला कोरड पडते, हातातला कागद थरथरतो. हा आजार नाही आणि पोरगी भित्री आहे असंही नाही. अंगावर कुत्रं धावून आलं की शरीर जसं पळायच्या तयारीला लागतं, तसंच ते इथेही लागतं. मोठमोठ्या वक्त्यांनाही हे होतं. श्वास सावकाश बाहेर सोडला की धडधड कमी होते. पहिली दोन वाक्यं नीट गेली की बरीचशी भीती आपोआप उतरते.

दुसरी भीती भाषेची, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात ती जास्तच. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. तांड्यावर बंजारा बोली, शहरातल्या विणकर घरांत तेलुगू, कुठे उर्दू. मराठी बोलणाऱ्या घरातली मराठीसुद्धा पुस्तकासारखी नसते. मग मुलीला वाटतं, माझं 'शुद्ध' नाही, पोरं हसतील. तिला स्पष्ट सांगा, घरची बोली हा कमीपणा नाही. घरी एक आणि शाळेत एक अशा दोन भाषा सांभाळणारी मुलगी जास्तच शिकलेली आहे.

तिसरी भीती आपण मोठी माणसं घालतो. "मुलीच्या जातीने एवढं बोलू नये." "गप बस, मोठ्यांच्यात तोंड घालू नको." वर्षभर हे ऐकलेल्या मुलीने गॅदरिंगला एकदम धीटपणे बोलावं, असं कसं होईल?

२. चौदा वर्षांच्या मुक्ताने काय केलं

सावित्रीबाई आणि जोतिबा फुल्यांनी 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे त्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकली. शिक्षण जेमतेम तीन वर्षांचं. वय चौदाच्या आसपास. तिने मांग-महारांच्या दुःखावर एक निबंध लिहिला आणि 1855 मध्ये तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात दोन भागांत छापून आला.

त्यात काय होतं? पाठ केलेली मोठमोठी वाक्यं नव्हती. आपल्या लोकांना कसं वागवतात, धर्माच्या नावाखाली त्यांना कसं दूर ठेवतात, हे तिने विचारलं. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर धड छप्पर नसतं, तिचे पावसाथंडीत किती हाल होतात, हे तिने लिहिलं. हे तिच्या वस्तीतलं होतं. कुणी सांगायची गरजच नव्हती, ती ते रोज बघत होती.

आज जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनीही तो निबंध अभ्यासला जातो. आपल्यासाठी त्यातला धडा साधा आहे: मुलीला जे स्वतः दिसलंय, सोसलंय, त्यावर ती सगळ्यात चांगलं बोलते.

३. आपल्याच एका गटात काय झालं

नाव आणि गाव सांगत नाही, कारण त्या मायलेकींची तशी इच्छा आहे. पण घडलेलं सांगायला त्यांनी आनंदाने परवानगी दिली.

मुलगी सातवीत. 15 ऑगस्टला तिला भाषण दिलं होतं. कुणीतरी मोबाईलवरून उतरवून दिलेलं, सव्वा पानाचं. 'सार्वभौम', 'बलिदान', 'देदीप्यमान' असे शब्द. आठ दिवस पाठांतर केलं. झेंडावंदनाला उभी राहिली आणि चौथ्या वाक्याला अडकली. अडकली ती अडकलीच. मागून हसू आलं. ती रडत खाली बसली आणि घरी येऊन म्हणाली, "आता मी कधीच बोलणार नाही."

तिच्या आईने हे बैठकीत सांगितलं. गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "पोरीला आपल्या बैठकीत आण की. आपण काय हसणाराव का?" पुढच्या आठवड्यात मुलगी आली, आईच्या मागे लपून. मी तिला विचारलं, "शाळेत तुला काय बदलावंसं वाटतं?" बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, "मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एकीने बाहेर दार धरून उभं राहायचं, मग दुसरीने जायचं. पाळी आली की मुली शाळेलाच येत नाहीत."

बैठक शांत झाली. अकरा बायका बसल्या होत्या, सहा जणींच्या मुली त्याच शाळेत. पाच जणींना हे माहीतच नव्हतं.

मग ती दर आठवड्याला पाच मिनिटं बोलायला लागली. कधी शाळेवर, कधी शेळीवर, कधी आजीच्या वारीवर. डिसेंबरमध्ये तिने ठरवलं, 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला बोलायचं. आईला मात्र धाकधूक. "संडासाचं काढलं तर सर रागावतील. पोरीला शाळेत त्रास व्हायचा." ही भीती खोटी नव्हती. गटात दोन बाजूंनी चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की शाळेची तक्रार भाषणात लेकराने एकटीने करायची नाही. ते काम मोठ्यांचं. मुलीने सावित्रीबाईंवर बोलायचं आणि शेवटी एवढंच म्हणायचं की मुली शाळेत टिकायच्या तर शाळेत मुलींची सोय पाहिजे.

ती दोन मिनिटं बोलली. मधे एकदा थांबली, हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं आणि पुढे गेली. कुणी हसलं नाही.

कडीचं काम आयांनी घेतलं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा झाली, तिथे तिच्या आईने उभं राहून विषय मांडला. आयुष्यात पहिल्यांदा. गटातल्या आणखी चौघी तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. मुख्याध्यापकांना आधी भेटून कल्पना दिली होती, त्यामुळे तेही विरोधात गेले नाहीत. फेब्रुवारीत कडी बसली. नळाला पाणी अजून नाही, त्याचा पाठपुरावा चालू आहे. त्याच महिन्यात गॅदरिंगला मुलीने अर्ध्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं.

४. लेकीची तयारी अशी करून घ्या

*विषय तिचा असू द्या.* शाळेने विषय दिला असला तरी त्यात तिचं काहीतरी घाला. 12 जानेवारीला जिजाऊ जयंती असते. आपल्या सोलापुरात तो दिवस चार हुतात्म्यांचाही आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 1931 साली याच तारखेला येरवड्यात फाशी दिली गेली. सोलापूर शहरात त्यांच्या पुतळ्यांचा चौक मुलीने पाहिला असेल, तर भाषणाची सुरुवात तिथूनच करू द्या. "मी तो चौक पाहिला" हे वाक्य ती विसरणार नाही.

*पाठांतर नको, मुद्दे हवेत.* एक सुरुवात, तीन मुद्दे, एक शेवट. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर प्रत्येक मुद्द्याचा एकच शब्द मोठ्या अक्षरात लिहायचा. पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द हुकला की पुढचं सगळं जातं. मुद्दा मात्र चिठ्ठीत बघून परत सापडतो. पाठ करायचीच तर पहिली दोन आणि शेवटचं एक वाक्य करा.

*लहान ठेवा.* दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली. घड्याळ लावून मोजा. मुलं घाबरून भरभर बोलतात, म्हणून प्रत्येक मुद्द्यानंतर एक श्वास घ्यायला सांगा.

*ऐकणारे हळूहळू वाढवा.* आधी आजीसमोर, मग शेजारच्या चार जणींसमोर, मग गटाच्या बैठकीत, मग स्टेजवर. एकदम तीनशे माणसांसमोर ढकलू नका.

*माईकची ओळख करून द्या.* कार्यक्रमाच्या आधी बाईंना विनंती करून एकदा माईकवर बोलू द्या. माईक तोंडापासून चार बोटं लांब धरायचा. स्वतःचा मोठा आवाज ऐकून बरीच मुलं दचकतात. आधी ऐकला असेल तर दचकत नाहीत.

*अडकली तर काय, हेही शिकवा.* थांबायचं, श्वास घ्यायचा, चिठ्ठी बघायची, पुढे जायचं. "मी विसरले" म्हणून रडत खाली बसायचं नाही. ऐकणाऱ्यांना आपण काय विसरलो ते ठाऊकच नसतं.

आणखी एक. नाचाच्या भाड्याच्या ड्रेसला पैसे नाहीत म्हणून कितीतरी मुली गॅदरिंगला नावच देत नाहीत. भाषणाला, सूत्रसंचालनाला, एकपात्रीला धुतलेला गणवेश पुरतो. हे मुलीला आणि बाईंनाही सांगा. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेलेत आणि जी आजीपाशी राहिली आहे, अशा मुलीचं ऐकायला कोण जाणार? गटातल्या एखाद्या ताईने जावं. समोर एक ओळखीचा चेहरा असला तरी लेकराला बळ येतं.

५. आता आपली पाळी

तुम्ही म्हणाल, पोरींचं ठीक आहे, आम्हाला कुठे बोलता येतंय? ताई, लग्नाच्या भरल्या मांडवात उखाणा तुम्हीच घेतलात ना? जात्यावर बसून मनातलं ओवीत तुम्हीच गायलंत ना? महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अभ्यासकांनी बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. नवऱ्याचा त्रास, माहेरची ओढ, कामाचा शीण, विठ्ठलाशी भांडण, सगळं त्यात आहे. बोलायला आपल्याला येतं. बोलायची जागा तेवढी घरातून ग्रामसभेपर्यंत न्यायची आहे.

ती जागा कायद्याने आपली आहे. ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. 2011 पासून महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांना आहेत. आणि बघा, 15 ऑगस्ट, 26 जानेवारीला सकाळी आपली मुलगी शाळेत भाषण करते आणि पुष्कळ गावांत त्याच दिवशी ग्रामसभा असते. सकाळी आपण लेकीला म्हणतो, "घाबरू नको, बोल." मग दुपारी आपण पदर तोंडाला लावून मागच्या रांगेत बसलो, तर ती काय शिकेल?

वर लेकीसाठी लिहिलेली तयारी आपल्यालाही तशीच्या तशी चालते. एकच विषय घ्या. काय अडचण आहे, कुणाला त्रास होतो, काय व्हायला पाहिजे, हे तीन मुद्दे धरा. आधी गटात बोलून बघा. एकटीने उठू नका, शेजारी दोघी-तिघी ठेवा. आणि आपला विषय इतिवृत्तात लिहिला की नाही, ते वाचून घ्या.

धीटपणा शेवटी कुठे उपयोगी पडतो, तेही मनात असू द्या. दहावीच्या आत स्थळं यायला लागतात. "मला अजून शिकायचंय" हे वाक्य मुलीला घरात, मोठ्यांसमोर म्हणावं लागतं, आणि तिथे समोर माईक नसतो. चारचौघांत बोलायची सवय असलेल्या मुलीला ते म्हणणं थोडं सोपं जातं. अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे आणि मदतीसाठी 1098 हा नंबर आहे. पण नंबर फिरवायच्या आधी मुलीचं वाक्य ऐकणारी आई घरात असली, तर पुष्कळ गोष्टी तिथेच सावरतात.

बैठकीत करायचं काम

1. या महिन्याच्या प्रत्येक बैठकीत शेवटची दहा मिनिटं मुलींना द्या. एका वेळी दोघी, प्रत्येकी पाच मिनिटं. विषय त्यांचा.
2. ऐकताना मधे बोलायचं नाही, चुका काढायच्या नाहीत. शेवटी प्रत्येकीने एकच गोष्ट सांगायची: "मला तुझं हे आवडलं."
3. मुलींच्या बोलण्यातून गावाचा किंवा शाळेचा एखादा प्रश्न पुढे आला, तर तो नोंदवहीत लिहा. तो मुलीवर सोडू नका, पुढच्या महिला सभेत कोण मांडणार ते नावासकट ठरवा.
4. प्रत्येक ताईने एकदा तरी उभं राहून दोन मिनिटं बोलायचं. सचिव ताईंनी घड्याळ धरायचं.

चर्चेसाठी

आपल्या घरात मुलीला "गप बस" दिवसातून किती वेळा म्हटलं जातं? मुलाला किती वेळा? मागच्या ग्रामसभेत आपल्या गटातलं कोण बोललं? कुणीच नसेल, तर पुढच्या वेळी कोण बोलणार?

उत्तरं नोंदवहीत लिहून ठेवा. पुढच्या भेटीत मी ती वाचेन, आणि मुलींचं बोलणं ऐकायलाही थांबेन.