दुकानाचे वेबपान आणि रकमेचा हिशेब

व्यापारी बंधूंनो, पुष्कळ दुकानांचे वेबपान म्हणजे निव्वळ छापील पत्रक असते. ग्राहक वाचतो आणि निघून जातो. त्याने मीटर टाकावे आणि रक्कम तिथेच दिसावी, एवढी सोय थोड्या मेहनतीने होते.

एचटीएमएल हे ग्रे कापड समजा. मथळा, मजकूर, चित्र, भरावयाच्या चौकटी त्यात येतात. रंगाई व कटिंग सीएसएसची. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये मंजूर केली. त्याआधी रंग व अक्षरांचा आकार सहसा जागोजागी लिहावा लागे. काही मंडळी अजून तसेच करतात, ते आम्हाला पसंत नाही. प्रत्येक दराला 'भाव' हे एकच क्लासनाव द्या आणि त्याचा रंग वेगळ्या सीएसएस फाईलमध्ये एकदाच लिहा. उद्या लालचा हिरवा करावयाचा झाला तर एक ओळ बदलली की सर्व पाने बदलतात. मोबाईलसाठी 'व्ह्यूपोर्ट'ची ओळ हवीच. नाहीतर मोबाईल पान मोठ्या पडद्याचे समजून बारीक करून दाखवितो. उर्दू मजकूर असल्यास 'डीआयआर'मध्ये 'आरटीएल' लिहा. नुसता मजकूर उजवीकडे सरकविला तर वाक्याचे शेवटचे चिन्ह भलत्या टोकाला जाते.

हालचाल जावास्क्रिप्टची. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ मध्ये नेटस्केपसाठी तयार केली. जावा ही निराळी भाषा. ग्राहकाने चौकटीत आकडा टाकला की कोड मीटरला दराने गुणतो आणि रक्कम खाली लिहितो. येथे एक फसगत आहे. चौकटीतून आलेला आकडा या भाषेच्या लेखी अक्षरे असतात. गुणाकार चालून जातो, पण शर्टिंगचे ५ मीटर आणि अस्तराचे २.५ मीटर यांची बेरीज ७.५ न येता ५२.५ येते! म्हणून आधी 'नंबर' या फंक्शनमधून काढून घ्यावे. देवनागरी आकडे मात्र ते ओळखत नाही.

सर्वांत नाजूक बाब रकमेची. ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा कोड ग्राहकाच्याच हातात असतो. थोडा जाणकार माणूस १८० रुपयांचा दर १८ करून ऑर्डर पाठवू शकतो. तेव्हा पानावरची रक्कम केवळ सोयीपुरती. सर्व्हरने ऑर्डरमधून फक्त मालाचा नंबर व मीटर घ्यावे, दर आपल्या नोंदीतून लावावा, आणि मीटर शून्य किंवा उणे असल्यास ऑर्डर परत करावी. पान बनविणाऱ्याला पैसे चुकते करण्याआधी असा खोटा दर पाठवून दाखवावयास सांगावे.