पावती होती, माल नव्हता : एका आठवड्याची बाजारवार्ता

आठवड्याची बाजारवार्ता म्हणजे सूत किती चढले, सोने किती उतरले आणि कोणत्या पेढीने दिवाळे काढले, एवढाच मामला. वाचावी आणि त्याच कागदात खारीक बांधावी. पण काही आठवडे असे असतात की त्यांचा कागद तीस वर्षांनंतरही फेकवत नाही. एप्रिल 1992 चा शेवटचा आठवडा आम्ही आज पुन्हा उघडला आहे. त्यात हसण्यासारखे बरेच आहे आणि गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाने समजून घेण्यासारखे त्याहून जास्त.

बुधवार, 22 एप्रिल. मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक 4467 वर पोचला. वर्षभरापूर्वी तो बाराशेच्या आसपास होता. ए.सी.सी. या सिमेंट कंपनीचा शेअर दोनशे रुपयांच्या घरातून नऊ हजारांच्या घरात गेला होता. कारण विचारले तर दलाल हर्षद मेहता यांचा सिद्धांत तयार : कंपनीची किंमत तिच्या नफ्यावर ठरवू नका, तसाच कारखाना आज नव्याने उभारायला किती खर्च येईल, त्यावर ठरवा. या न्यायाने आमच्या मालेगावच्या बंधूंनी आजोबांच्या वेळचा, धोटा अडकणारा जुना माग कोऱ्या मागाच्या भावाने विकायला हरकत नव्हती. गिऱ्हाईक मात्र शेअरबाजारातूनच आणावे लागले असते!

गुरुवार, 23 एप्रिल. 'टाइम्स ऑफ इंडिया'त सुचेता दलाल यांची बातमी आली. स्टेट बँकेच्या रोख्यांच्या हिशेबात सुमारे 500 कोटी रुपयांची तूट असून ती एका बड्या दलालाकडे बोट दाखवते, असा तिचा आशय. सामान्य माणसाला कोडे पडले. आपण पाच हजारांचे कर्ज मागायला गेलो तर दोन जामीनदार आणि घराचा उतारा मागणारी बँक दलालाला पाचशे कोटी देते कशी?

हे समजायला मोठी विद्या लागत नाही. तेव्हा बँकांना ठेवींच्या साडेअडतीस टक्के रक्कम सरकारी रोख्यांत वगैरे गुंतवून ठेवावी लागे आणि पंधरवड्याच्या शुक्रवारी त्याचा हिशेब दाखवावा लागे. कोणाकडे रोखे कमी, कोणाकडे रोकड कमी. मग बँका आपसांत सौदा करत : आज रोखे विकतो, पंधरा दिवसांनी ठरल्या भावाने परत घेतो.

समजा, भिवंडीच्या हाजीसाहेबांच्या गोदामात कापडाचे दोनशे तागे आहेत आणि त्यांना रोकड हवी आहे. ते शेजारच्या सेठना तागे दोन लाखांना 'विकतात' आणि पंधरा दिवसांनी दोन लाख दोन हजारांना परत घेण्याचे ठरवतात. जाणत्या वाचकांना या सौद्याची जात लगेच कळेल. नाव विक्रीचे, काम व्याजी उसनवारीचे.

आता पंधरा दिवसांसाठी दोनशे तागे हातगाडीवर कोण नेणार आणि आणणार? म्हणून हाजीसाहेब चिठ्ठी देतात : 'माल माझ्या ताब्यात आहे, मागाल तेव्हा देईन.' बँकांतल्या अशा चिठ्ठीला 'बँक रिसीट' म्हणत. रोखे एका नावावरून दुसऱ्या नावावर करण्याच्या नोंदी रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत हाताने होत आणि त्याला वेळ लागे. त्यामुळे चिठ्ठीवरच काम भागू लागले.

इथपर्यंतही गाडे चालले असते. बिघाड मधल्या माणसाने केला. दलालाचे काम दोघांची गाठ घालून देण्याचे आणि दलाली घेऊन बाजूला होण्याचे. इथे दलाल दोघांच्या मध्ये उभा राहिला, आणि हाजीसाहेबांचा माल कोणाकडे गेला, सेठचा पैसा कोणाकडे गेला, हे एकमेकांना कळेनासे झाले. त्यातच बँकेच्या नावाने काढलेला धनादेश दलालाच्या खात्यात जमा करण्याची सवलत बड्या बँकांनी 'जुना रिवाज' म्हणून दिली. एकदा पैसा दलालाच्या खात्यात आला की पंधरा दिवस तो त्याचाच. तो शेअरबाजारात गेला, ए.सी.सी. चढला आणि सिद्धांत जन्माला आला.

मग शेवटची पायरी. माल नसतानाच चिठ्ठी! कराडसारख्या आपल्या गावच्या नावाची बँक ऑफ कराड आणि मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक, या दोन लहान बँकांनी अशा पावत्या दिल्या, ज्यांच्यामागे रोखे नव्हते. मोठमोठ्या बँकांनी त्या घेऊन कोट्यवधी रुपये मोजले. या उद्योगात मेहता एकटे नव्हते, इतर दलालही होते. आम्हाला आश्चर्य वाटते ते घेणाऱ्यांचे. सूत घेताना आपला कारागीर गाठ सोडून बोटाने पीळ पाहतो. इथे शेकडो कोटींचा माल होता आणि गोदामाचे दार उघडून पाहायला कोणी गेले नाही. कराडच्या बँकेचे भांडवल केवढे आणि तिच्या पावत्या केवढ्या, एवढा ताळा मुनीमानेही घेतला असता.

स्टेट बँकेने तगादा लावला तेव्हा मेहतांनी रक्कम भरली. चला, सुटले, असे वाटते ना? तपासात निघाले की तो पैसा नॅशनल हाउसिंग बँकेचा. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. फरक एवढाच की टोपी सरकारी होती आणि डोकेही सरकारी.

मंगळवार, 28 एप्रिल. निर्देशांक एका दिवसात 570 अंशांनी कोसळला, म्हणजे पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास. दोन दिवसांनी रिझर्व्ह बँकेने आपले डेप्युटी गव्हर्नर आर. जानकीरामन यांची समिती नेमली. समितीने पुढे मोजलेला खड्डा चार हजार कोटींच्या वर गेला.

खरा मार मात्र त्या आठवड्यानंतर बसला, आणि तो ज्यांनी काही केले नव्हते त्यांना. बँक ऑफ कराड अवसायनात गेली आणि 1994 मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली. सरकारने दलालांची मालमत्ता गोठवली. त्यांच्या नावावरून फिरलेले शेअर 'डागी' ठरले. बाजारात रोख पैसे मोजून ते घेतलेल्या लोकांचे कागद नावावर होईनात. पेटीत शेअर, पण विकता येत नाही आणि लाभांशही नाही. चोरीचा बैल नकळत विकत घेणाऱ्याची जी गत, तीच यांची.

पुढे नियम सुधारले. सेबीला 1992 मध्येच कायद्याचे बळ मिळाले, 1996 पासून शेअर संगणकाच्या खात्यात जाऊ लागले आणि 2002 मध्ये सरकारी रोख्यांचे सौदेही संगणकावर आले. आपल्या गल्लीत मात्र चिठ्ठी अजून चालते आणि चालावीही; विश्वासाशिवाय धंदा नाही. फक्त चिठ्ठी हाती घेतली की गोदामातला माल एकदा डोळ्याने पाहावा. धनादेश माल देणाऱ्याच्याच नावाने, दोन रेघा मारून द्यावा. 'माझ्या खात्यात टाका, मी पोचवतो' म्हणणारा दलाल कितीही सलाम करो. आणि दलालाने समोरच्या पार्टीचे नाव सांगायला टाळाटाळ केली तर त्या दिवशी सौदा करू नये, चहा घ्यावा आणि उठावे.

हर्षद मेहतांना जून 1992 मध्ये अटक झाली. सप्टेंबर 1999 मध्ये मारुती उद्योगाच्या 38.97 कोटींच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. 31 डिसेंबर 2001 रोजी, कोठडीत असतानाच, ठाण्याच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

त्याआधीचा एक प्रसंग सांगायचा राहिला. जून 1993 मध्ये त्यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितले की आपण पंतप्रधान नरसिंह राव यांना सुटकेसमधून एक कोटी रुपये पोचवले. राव यांनी इन्कार केला आणि आरोप कधी सिद्ध झाला नाही. पण देशभर वाद पेटला तो निराळाच : एवढ्या सुटकेसमध्ये एवढ्या नोटा मावतात का? ते दाखवायला सुटकेस आणून प्रात्यक्षिकही झाले. ज्या देशात चार हजार कोटींच्या पावत्यांमागचा माल कोणी मोजला नव्हता, तिथे सुटकेसची लांबी-रुंदी मात्र घरोघर मोजली गेली.