पहिला वाढदिवस कमी खर्चात : घरच्या हिशोबाचा एक पाठ



आज जरा वेगळा विषय घेऊ. आपल्या पाम, कुंभवली, सरावली, पास्थळ या पट्ट्यात बहुतेक घरांचं पोट तारापूरच्या औद्योगिक वसाहतीवर चालतं. कुणी कायम कामगार, कुणी ठेकेदाराकडे रोजावर. कुणी खानदेशातून आलेलं, कुणी उत्तर प्रदेश-बिहारमधून. भाषा वेगवेगळी, पण घरात बाळ वर्षाचं झालं की प्रश्न एकच : "वाढदिवस कसा करायचा? लोक काय म्हणतील?"

आनंद करायलाच हवा. पण तो उसन्या पैशांवर केला तर काय होतं, ते आधी बघू.

उसनवारीचं गणित

समजा, हॉल, जेवण आणि डेकोरेशनसाठी २०,००० रुपये दरमहा शेकडा ३ ने घेतले. महिन्याचं व्याज झालं ६०० रुपये. नुसतं व्याजच भरत राहिलात तर वर्षाला ७,२०० रुपये जातात. म्हणजे बाळाचा दुसरा वाढदिवस येतो तेव्हा ७,२०० गेलेले असतात आणि मूळ २०,००० तसेच उभे! बाळाला मात्र त्या दिवसातलं काहीच आठवणार नसतं.

पहिला नियम : आधी रक्कम, मग माणसं, मग बाकीचं

आपण बहुतेक वेळा उलटं करतो. आधी केक आणि फुग्यांची कमान ठरते, मग यादी वाढत जाते आणि शेवटी पैसे कुठून आणायचे ते शोधतो.

खर्च दोन प्रकारचा असतो. केक, सजावट, बाळाचे कपडे हा ठरावीक खर्च. पाहुणे २० असोत की ४०, तो फारसा बदलत नाही. जेवण आणि मुलांना द्यायच्या भेटी हा माणशी खर्च. बजेट कोसळतं ते बहुधा इथेच.

एक नमुना बघा. दर समजुतीसाठी घेतले आहेत, तुम्ही आपल्या बाजारातले घाला. हातात रक्कम ५,००० रुपये, पाहुणे ३०.

- घरचं जेवण (मसालेभात, उसळ, कोशिंबीर, खीर) ३० × ८० = २,४००
- बाळाचे कपडे = ५००
- अर्धा किलो केक = ४००
- सजावट = ३००
- १० मुलांना वही-पेन्सिल, १० × ३० = ३००
- औक्षणाचं सामान, फुलं = १५०
- फोटोंच्या प्रती = १५०
- राखीव (रिक्षा, बर्फ, ऐनवेळचं सामान) = ५००

एकूण ४,७००. शिल्लक ३०० रुपये.

आता यादीत फक्त १५ माणसं वाढवा. १५ × ८० = १,२०० जास्त. एकूण झाले ५,९००, म्हणजे ठरवलेल्या रकमेपेक्षा ९०० वर. म्हणून खर्च कमी करायचा तर केक लहान करण्याआधी यादी लहान करा. आजी-आजोबा, मामा-मावशी, काका-आत्या, शेजारची दोन घरं आणि बाळाला रोज खेळवणारी मुलं, एवढी माणसं पुरेत. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी पेढा नेऊन द्या. कुणी रागावत नाही.

वेळ बाळाची बघा

वर्षाचं बाळ दुपारी झोपतं आणि रात्री लवकर किरकिर करतं. म्हणून सकाळी साडेदहा किंवा दुपारी साडेचारची वेळ बरी. वडिलांची पाळी बघून सुट्टीचा दिवस धरा, म्हणजे खाडाही पडत नाही. दुपारी चारला बोलावलं तर पूर्ण जेवणाऐवजी पोहे, ढोकळा आणि सरबतावर भागतं. माणशी खर्च तिथेच निम्म्यावर येतो.

वाढदिवस मकरसंक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान येत असेल तर बोरन्हाण आणि वाढदिवस एकाच दिवशी करा. माणसं तीच असतात, दोनदा खर्च कशाला? फक्त बोरं, हरभरे, चुरमुरे, उसाचे करवे बाळाच्या तोंडात जाणार नाहीत इकडे एका मोठ्या माणसाने लक्ष ठेवावं.

सजावट घरची

आपल्या जिल्ह्याची वारली चित्रकला जगभर गेली आहे. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. मग आपल्या भिंतीला प्लास्टिकची कमान कशाला? तपकिरी कागदावर पांढऱ्या रंगाने तारपा नाच काढा. मोठी भावंडं हे काम आवडीने करतात, आणि तो कागद नंतर वर्गातही लावता येतो.

सुरक्षितता

- फुटलेल्या फुग्याचा तुकडा बाळाच्या घशात अडकू शकतो. तुकडे लगेच उचला.
- फोमचा स्प्रे मेणबत्तीजवळ पेट घेतो. तो आणूच नका. हायड्रोजन भरलेले फुगेही नकोत.
- अख्खे शेंगदाणे, द्राक्षं, गोळ्या बाळाच्या हाती देऊ नका.
- केकचं बोट चाटवलं तेवढं पुरे. दोन वर्षांच्या आत वरून घातलेली साखर टाळावी असा आरोग्यतज्ज्ञांचा सल्ला आहे. बाळासाठी मऊ खिमट किंवा बिया काढून कुस्करलेला डहाणू-घोलवडचा चिकू ठेवा.

वाढदिवसाच्या आठवड्यात ही चार कामं करा

१. जन्मदाखला बघा. नोंदीत बाळाचं नाव नसेल तर नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून अनेक ठिकाणी हाच दाखला लागणार आहे. पहिलीच्या प्रवेशावेळी होणारी धावपळ आपण शिक्षक दरवर्षी बघतोच.

२. लसीकरण कार्ड बघा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. राहिला असेल तर आरोग्यसेविकेला लगेच भेटा.

३. अंगणवाडीत वजन-उंची करा. वर्षाच्या बाळाचं वजन जन्मवजनाच्या साधारण तिप्पट असतं. फार कमी भरलं तर डॉक्टरांना दाखवा.

४. खातं उघडा. मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खातं २५० रुपयांत सुरू होतं. मुलगा असेल तर पोस्टातलं आवर्ती ठेव खातं महिना १०० रुपयांपासून. आठवतंय, आपल्या हिशोबात ३०० रुपये उरले होते? ते इथे घाला.

वर्गासाठी उपक्रम

शिक्षक मित्रांनो, इयत्ता पाचवी ते सातवीसाठी हा छान प्रकल्प होतो. मुलांना ५,००० रुपये आणि पाहुण्यांची संख्या द्या. बाजारातले खरे दर त्यांनी घरच्यांबरोबर जाऊन लिहून आणायचे. मग ठरावीक खर्च आणि माणशी खर्च वेगळे मांडायचे, आणि पाहुणे १० ने वाढले तर काय होतं ते काढायचं. गुणाकार, बेरीज-वजाबाकी, सरळव्याज सगळं यात येतं.

एक पथ्य मात्र पाळा. "तुझ्या घरी वाढदिवसाला किती खर्च झाला?" असं वर्गात कुणालाही विचारू नका. ज्याच्या घरी नुसतं औक्षण झालं आणि शेजारच्या चार मुलांना खीर मिळाली, त्या मुलाची मान खाली जाता कामा नये. त्याचाही वाढदिवस पुरता साजरा झालेला असतो.

पालकहो, तुमचा हिशोब आजच वहीच्या एका पानावर मांडून बघा. रक्कम सगळ्यात वर लिहा.